पारंबीचा चिमटा

त्या देशात भिंती कमी आणि दारं फार. थोरली दारं होती, एकेक गावाएवढी; त्यांच्यावर अख्खा देश उठायचा, बसायचा, चालायला लागायचा. आणि अगदी टोकाला, जिथे देश संपतो आणि नुसता वारा सुरू होतो, तिथे दोन जुळे प्रांत होते. दोघांनाही पाच पाच फाटे, आणि फाट्याफाट्यावर ओळीनं बारीक दारं. ही दारं एवढीशी, पण देशातली किचकट कामं सगळी त्यांच्याच गळ्यात. देश नक्की काय करतो, कुठे निघालाय, कशासाठी, हे आत राहणाऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. आपलं दार नीट उघडलं आणि नीट मिटलं की दिवस सार्थकी लागला.

या बारीक दारांच्या बिजागऱ्यांना वंगण लागायचं, आणि त्यातल्या सगळ्यात धाकट्या दाराचं वंगण तुळतुळी करायची. दाराच्या आतल्या अस्तरातच तिचं घर. स्वच्छ, दाट, अंड्याच्या पांढऱ्यासारखं वंगण ती रोज थोडं थोडं सोडायची, आणि दार असं फिरायचं की फिरलेलं कळू नये.

तुळतुळीची थोरली बहीण पारंबी. ती राहायची देशाच्या दुसऱ्या कडेला, दातांच्या वेशीवर. नावाप्रमाणेच हिला दहा दिशांना दहा हात फुटलेले. त्यातला एकही स्वस्थ नाही. वेशीवर काय पडलंय, कोण मेलंय, कुणाच्या अंगरख्याची चिंधी लोंबतेय, हे चाचपत फिरायचं, संशयाचा तुकडा उचलायचा आणि घाटाखालच्या छावणीत नेऊन शिपायांना दाखवायचा, हे तिचं काम. शिपाई स्वतः काही शोधत नसत. पारंबीसारखीनं समोर धरलं तरच बघत.

दाखवायची पद्धत ठरलेली होती. तुकडा हातात धरायचा नाही, चिमट्यात धरायचा. चिमटा ज्याचा त्याचा घरचा, आईकडून आलेला. आणि तुकडा समोर धरला की बेंबीच्या देठापासून हाळी द्यायची, ‘धावा!’ तुकडा आणि हाळी दोन्ही मिळून हुकूम होत असे. नुसती हाळी दिली तर शिपाई म्हणत, “कुणावर?” नुसता तुकडा दाखवला तर काय होतं, हे कुणाला आठवत नव्हतं. पारंबीला तर गप्प बसणं हा प्रकारच माहीत नव्हता. तिच्या आईला नव्हता, आजीला नव्हता. घराणंच खणखणीत आवाजाचं.

वर्षातून एखादवेळा लाल नदीतून प्रवास करत पारंबी बहिणीकडे यायची. मग तुळतुळी तिला एकच गोष्ट सांगायची.

“अक्का, सकाळी काय होतं माहितीये? तीन काळ्या नद्या येतात.”

“पाण्याच्या?”

“छे गं, तंतूंच्या. लाखो तंतू. चकचकीत. आमच्या दहाही फाट्यांवरून वाहतात. मग एक नदी दुसरीवरून जाते, तिसरी पहिलीवरून, आमची दारं मिटतात, उघडतात, मिटतात, आणि बघता बघता तिन्ही नद्यांची एकच होऊन जाते.”

“वंगणाचा वास डोक्यात गेलाय तुझ्या,” पारंबी म्हणायची.

“आणि शेवटी अजून एक गंमत असते. ती मी सांगणार नाही. ती माझ्याच दाराकडे आहे. राहा एक दिवस, दाखवते.”

पण पारंबी राहायची नाही. वेशीवर आपल्यावाचून सगळं ओस पडेल, असं तिला वाटायचं. असं वाटणारी माणसं सगळ्या देशांत असतात, आणि त्यांच्यावाचून काहीही ओस पडत नाही.

वेशीवर रोज सकाळी भाजलेल्या तंबाखूच्या वासाची काळी भुकटी पडायची. कुठून, ते आभाळालाच ठाऊक. दातांच्या रांगेवरून ती घासली जायची, वेशीच्या लाल मातीत मुरायची, आणि माती सुजून यायची. सुजलेल्या मातीत बाहेरचे चोर घुसायचे. चोर खरेच होते, त्याबद्दल पारंबीला कुणी दोष देऊ शकत नाही. रोज मारामारी, रोज धूर, रोज हाळी.

त्या देशातल्या प्रत्येकाच्या अंगरख्यावर गुंड्यांची माळ असे आणि त्यातल्या काही गुंड्या चमकत. चमकणारी गुंडी म्हणजे आपलं माणूस. वेशीवर गदारोळ झाला की पुसणारे यायचे. बिचारे साफसफाई करायलाच येत. पण भुकटीनं डोळे चुरचुरायचे आणि दिसेल त्याची गुंडी ते खसाखसा पुसत सुटायचे. इतकं पुसायचे की चमकच निघून जायची. अंगरखा तोच, माणूस तेच, माळेतली एक गुंडी विझलेली.

अशाच एका धुमश्चक्रीच्या दिवशी पारंबीच्या एका हाताला एक चिंधी लागली. मेलेल्या कुणा खांबकऱ्याच्या अंगरख्याची, एक गुंडी विझलेली. खांबकरी म्हणजे देशभरच्या दारांचे खांब विणणारे लोक. एकाचा अंगरखा पाहावा आणि सगळ्यांचा ओळखावा. तिनं ती चिमट्यात धरली. चमकती गुंडी असती तर ती घसरून पडली असती, कारण पारंबीच्या घरच्या चिमट्याला आतून एक बाक होता. शेजारणीच्या चिमट्याला नव्हता. त्या बाकात ही विझलेली गुंडी अशी जाऊन बसली, जणू चिमटा तिच्यासाठीच घडवला होता.

“वा!” पारंबी म्हणाली. इतकं चपखल काही तिच्या चिमट्यात आजवर बसलं नव्हतं. चपखल बसलं म्हणजे खरंच असणार, असं तिला वाटलं. भुकटीनं तिचे स्वतःचे डोळेही लाल झाले होते, कानात चोरांचा दंगा होता, गळा तापलेला होता. ती धावत छावणीत गेली, चिंधी उंच धरली आणि जन्मात दिली नव्हती अशी हाळी दिली.

सुभेदार आठवण्या पुढे आला. छावणीतला सगळ्यात जुना शिपाई. एकदा पाहिलेला चेहरा तो मरेपर्यंत विसरत नसे.

“हे काय आणलंस?”

“विझलेली गुंडी. आपल्यात अशी असते का?”

आठवण्यानं बराच वेळ पाहिलं. “नाही. शाळेत कधी दाखवली नव्हती. काय नजर आहे बाई तुझी!”

पारंबी दोन दिवस जमिनीवर नव्हती.

छावणीच्या कारखान्यात बेचक्या बनू लागल्या. दोन टोकांची बारीक बेचकी. दोन्ही टोकं बरोबर विझलेल्या गुंडीच्या मापाची. हजारोंनी बनल्या, लाखोंनी बनल्या आणि लाल नदीत सोडल्या गेल्या. नदी त्यांना घेऊन देशभर फिरली, थोरल्या दारांखालून, वाऱ्याच्या दोन पिशव्यांतून, मधल्या धडधडत्या महालातून. आणि काहीच झालं नाही.

वर्षं गेली. बेचक्या तरंगत राहिल्या. लोकांना त्यांची सवय झाली. पुढे पुढे तर कारखान्यात अशा बेचक्या बनायला लागल्या की ज्या बेचक्यांचीच शेपटी पकडायच्या. पहाऱ्यावर पहारा. नदीत घोळके दिसू लागले, एकमेकींची शेपटी धरून भोंडला खेळल्यासारखे. कुणी हसलं, कुणी म्हणालं, कामाला नसले की शिपाई असंच करतात. ज्याला वाचता येत होतं त्याला त्या नदीत सगळं लिहिलेलं दिसलं असतं. पण नदीत राहणाऱ्याला नदी वाचता येत नाही.

मग एक दिवस टोकाच्या प्रांतात कुठलंसं दार जरा जोरात आपटलं. एवढंच. थोडी सूज, थोडी धूळ, आणि रिवाजाप्रमाणे पुसणारे आले. तिथल्या खांबकऱ्यांच्या गुंड्या त्यांनी पुसल्या. एकदोन विझल्या. नदीतून जाणाऱ्या बेचकीनं ते पाहिलं आणि खट्कन जाऊन बसली.

बेचकी बसली तिथे शिपाई आले.

पारंबीपर्यंत बातमी पोचली ती वाऱ्यासारखी, अर्धी. दारं उघडत नाहीत म्हणे. सकाळी तर मुळीच नाही. सूर्य डोक्यावर येईस्तोवर अख्खा प्रांत लाकडासारखा. आणि एका प्रांतात जे दार बिघडलं, तेच दुसऱ्या प्रांतातही बिघडलंय. जुळ्यांचं दुखणंही जुळं.

पारंबी निघाली. वाटेत तिनं शिपायांच्या झुंडीच्या झुंडी पाहिल्या आणि तिला, खरं सांगायचं तर, जरा अभिमानच वाटला. सगळे कसे तत्पर! मग ती बहिणीच्या दाराशी पोचली आणि तिथेच थांबली.

दार फुगलं होतं. अस्तर जे रेशमाच्या पदरासारखं असायचं, ते गोधडीसारखं जाडजूड झालं होतं. वंगण पाणचट, ऊन ऊन. आणि आत तुळतुळी. ओळखू येईना इतकी सुजलेली. भीतीनं तिची भूक खवळली होती, आणि भुकेच्या भरात ती आपल्याच दाराचा उंबरठा कुरतडत होती.

“तुळे! अगं काय खातेयस!”

“मला कळतंय,” तुळतुळी रडवेली होऊन म्हणाली. “मला कळतंय अक्का, पण थांबता येत नाही. ते सारखे ओरडतात. कान फाटले माझे. ओरडणं थांबलं की मी थांबेन.”

“कुणाला शोधतायत ते?”

“विझलेल्या गुंडीवाल्यांना. कुणीतरी वेशीवरून हाळी दिलीय म्हणे. कुणी गं दिली असेल?”

पारंबीच्या दहा हातांपैकी एकही हलला नाही. तुळतुळीच्या अंगरख्याकडे ती बघत होती. माळेच्या मधोमध एक गुंडी विझलेली. तोच रंग, तोच आकार. चिमट्याचा बाक तिच्या कमरेला आपोआप जागा झाला, जसं भुकेल्याच्या तोंडाला पाणी सुटावं तसा.

“ही कधी विझली?”

“दार आपटलं तेव्हा पुसणारे आले होते. का?”

पारंबी खाली बसली.

तुळतुळीनं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “तरीच. एवढा मोठा आवाज आपल्याच घराण्यात असतो.”

“तुळे, मी...”

“काळ्या नद्या येत नाहीत आता,” तुळतुळी म्हणाली. “पहिल्या पहिल्यांदा यायच्या, आमच्यावरून घरंगळून जायच्या. दारं मिटायचीच नाहीत. मग एक दिवस आल्या, थांबल्या, आणि परत गेल्या. उंबरठा गेला की दार गेलं, अक्का. खाल्लेला उंबरठा परत उगवत नाही. थोडाच उरलाय. तू दिलीस ना हाळी? मग तूच परत घे.”

त्याच सुमाराला देशावर एक नवल घडलं. आभाळ फाटलं आणि एक चकाकती नळी खाली आली. सरळ, थंड, कधी कुणी पाहिली नव्हती अशी. ती लाल नदीत उतरली, एक घागरभर पाणी वर ओढलं, बेचक्यांसकट, त्यांच्या भोंडल्यासकट, आणि निघून गेली. काठावरचे सगळे तोंडं उघडी टाकून बघत राहिले. शिपाईसुद्धा. कुणीतरी, देशाच्या बाहेरचं, नदी वाचत होतं.

आणि काही दिवसांनी वेशीवरची काळी भुकटी थांबली. मग कडू पाऊस सुरू झाला. रोज नाही, ठरावीक वारीच पडायचा, पण पडायचा तेव्हा छावणीच्या भट्ट्यांवर थेट पडायचा. कारखाने मंदावले. शिपाई जांभया देऊ लागले. देशभर सगळ्यांनाच जरा मळमळल्यासारखं झालं, पण आरडाओरडा कमी झाला.

कमी झाला, थांबला नाही. तुळतुळी अजून कुरतडत होती, फक्त हळू.

पारंबीनं बहिणीच्या अंगरख्याचा एक कोपरा मागून घेतला, विझलेल्या गुंडीसकट, आणि छावणीत गेली. आठवण्या पावसात भिजून कोपऱ्यात बसला होता.

“सुभेदार, मला हाळी परत घ्यायचीय.”

“हाळी काय उसनी साखर आहे, परत द्यायला? गेली ती गेली.”

“ती गुंडी आपल्याच माणसांची आहे. माझ्या बहिणीची आहे.”

“असेल. मी पाहिलेलं विसरत नाही. तूच दाखवलंस, तूच ओरडलीस. आम्ही काय स्वप्नात पाहिलं?”

पारंबी त्याच्या शेजारी टेकली. मग तिनं विचारलं, “आपलं कोण नि परकं कोण, हे तुम्हाला मुळात शिकवलं कुणी?”

म्हाताऱ्याचा चेहरा मऊ झाला. “शाळेत शिकवलं. मधल्या मोठ्या ढालीच्या मागे होती आमची शाळा. आता ओस पडलीय. तिथे गुरुजी देशभरच्या लोकांच्या चिंध्या घेऊन यायचे. खांबकऱ्यांच्या, वंगणवाल्यांच्या, सगळ्यांच्या. आमच्यासमोर धरायचे.”

“आणि?”

“आणि काही नाही. गप्प बसायचे. आपण वाट बघायची, आता ओरडतील, आता ओरडतील. ते ओरडतच नसत. शेवटी अंगातला जोर आपोआप उतरायचा. तसं झालं की कळायचं, हे आपलं.”

“विझलेल्या गुंडीची चिंधी कधी धरली होती?”

“शाळेत कुठली आलीय काळी भुकटी? तिथे सगळ्या गुंड्या चमकायच्या.”

पारंबीनं चिमटा काढला. तुळतुळीची चिंधी त्यात धरली. गुंडी बाकात जाऊन बसली, चपखल, पूर्वीसारखीच. मग ती छावणीच्या मधोमध गेली, आणि चिंधी उंच धरली.

नवे शिपाई उठून उभे राहिले. भाले सावरले. जुन्यांनी मान वर केली. शेकडो डोळे आधी गुंडीवर, मग तिच्या तोंडावर. आता हाळी येणार.

आणि ती यायलाच लागली होती. पोटातून निघाली, छातीत आली, गळ्यात येऊन उभी राहिली. आईची हाळी, आजीची हाळी, सगळ्या घराण्याची. पारंबीनं दात आवळले. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हिला शिंक येतेय. एक शिपाई खरंच म्हणाला, “बाई, ओरडा की! पाय दुखले.” दुसरा खुसखुसला, “घसा बसलाय वाटतं.”

ती ओरडली नाही.

छावणीत अशी शांतता पसरली की लांबवर लाल नदीचं धडधडणं ऐकू यायला लागलं. ते नेहमीच चालू होतं. कुणी ऐकलं नव्हतं. ठोका, आणि ठोका, आणि ठोका. एवढा मोठा देश, आणि त्याला एवढी एकच लय. शिपाई ऐकत राहिले. एकाचा भाला खाली आला. मग शेजारच्याचा. कुणी बसलं, कुणी जांभई दिली, कुणी त्या विझलेल्या गुंडीकडे नुसतं बघत राहिलं, जसं माणूस आपल्या गावच्या वेड्याबागड्या पिंपळाकडे बघतं. असेल वाकडा. आपलाच आहे.

शेवटी आठवण्या एकटाच उभा राहिला.

“मी विसरत नाही,” तो म्हणाला.

तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची खात्री नव्हती, म्हणून पारंबीनं नुसती मान हलवली.

“पण म्हातारा झालोय मी,” आठवण्या म्हणाला आणि सावकाश खाली टेकला. “आणि पाऊसही आहे. हाळी असल्याशिवाय उठवत नाही आता.”

पारंबी परत निघाली तेव्हा नदीत बेचक्या होत्याच. थोड्या विरळ, पण होत्या. तिच्या अंगाला घासून जात होत्या, ओळख दिल्यासारख्या. ती त्यांच्यातून वाट काढत टोकाच्या प्रांतात पोचली. दाराची सूज थोडी उतरली होती. अस्तराच्या आत तुळतुळी उंबरठ्याशी टेकून बसली होती. तिचं तोंड रिकामं होतं. उरलेला उंबरठा उरला होता.

“थांबलीस?”

“ओरडणं थांबलं,” तुळतुळी म्हणाली. आणि मग, “तू गप्प बसलीस? तू? आई असती तर वैद्य बोलावला असता.”

“राहू का आज इथे?”

“वेस ओस पडेल.”

“पडू दे.”

सकाळ झाली. तुळतुळीनं थोडंसं वंगण सोडलं, पूर्वीइतकं नाही. दार कुरकुरलं. एक, मग त्याच्या शेजारचं, मग सगळ्या फाट्यांवरून, जुळ्या प्रांतातून, कुरकुरत, अडखळत, दारं मिटली आणि उघडली. कुठे कुठे पुरती मिटलीही नाहीत.

आणि मग आभाळाच्या कडेवरून त्या आल्या.

पारंबीनं एवढं काळंभोर आयुष्यात पाहिलं नव्हतं. तंतूच तंतू, लाखोंनी, उन्हात चमकणारे, खोबरेल तेलाच्या वासाचे. तीन नद्या. त्या फाट्याफाट्यांत शिरल्या आणि दारं एकामागून एक त्यांच्यावर मिटत गेली, हळुवार, जणू काही सांडायला नको. उजवी मधलीवरून गेली. डावी उजवीवरून. पारंबीच्या अंगावरून, डोक्यावरून, वर, खाली, वर. कुठलंही दार कुठल्याही दाराला विचारत नव्हतं आणि कुणाचंही चुकत नव्हतं. नदी खाली खाली लांबत गेली, बारीक होत गेली, आणि कुठेतरी फार वर, देशाच्याही बाहेर, कुणीतरी लहानगं बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत पाय हलवत होतं, त्यानं नद्या सारख्या हिसके खात होत्या.

“आता बघ,” तुळतुळी कुजबुजली. “आता माझं.”

नदीच्या टोकाशी एक तांबडा पट्टा आला. शेतासारखा रुंद, सुळसुळीत, कडेला बारीक दातेरी वीण. तो एकदा गुंडाळला, दुसऱ्यांदा गुंडाळला. मग सगळे फाटे थबकले, आणि सगळ्यात धाकट्या, सगळ्यात दुखऱ्या दारानं कुरकुर करत वाकून त्या पट्ट्याची दोन पानं धरली, आणि फुलाची गाठ घट्ट ओढली.